जमीन पळत नाही, जहाज पळते!



कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखातल्या माणसाला समुद्राचे काय कौतुक? आपल्याला पाणी बघायचे तर आभाळाकडे बघावे लागते. तरीही आज समुद्राकाठची एक गोष्ट सांगतो, कारण फिरून फिरून ती आपल्याच कापसाच्या गाडीपाशी येऊन थांबते.

मागे एका कामाने कोकणात जाणे झाले. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला, वेंगुर्ले तालुक्यात रेडी नावाचे गाव आहे. पुढे तेरेखोलची खाडी आणि खाडी ओलांडली की गोवा. यशवंतगडाचे पडके तट, दोन हातांच्या गणपतीचे देऊळ आणि तांबड्या मातीत लोहखनिजाच्या खाणी. या खाणींतला माल वर्षानुवर्षे रेडीच्या बंदरातून बाहेर गेला. तिथे एक म्हातारे खलाशी भेटले. उमेदीच्या वयात खनिजाच्या बार्जवर राबलेले. मी त्यांना विचारले, "काका, जहाज परक्या देशाचे, मालक कुठला कोण. त्याने माल भरून घेतला आणि तुमचे पैसे बुडवून निघून गेला, तर त्याला शोधायचे कुठे?"

काका हसले. म्हणाले, "पावण्या, मालकाक कोण सोदता? जहाज धरतत. कोर्टाचो कागद इलो की जहाज हलना नाय."

मालकाला शोधत फिरायचे नाही, जहाज धरायचे! त्या म्हाताऱ्याने एका वाक्यात जे सांगितले, ते आपल्याकडे शिकल्यासवरल्या माणसांनाही पुरते उमगलेले नाही.

निकालाआधी जहाज थांबते

कायद्यात याला जहाजाची अटक म्हणतात. खटल्याचा निकाल लागलेला नसतो. कोण खरा, कोण खोटा हे ठरायचे असते. दावा करणारा हायकोर्टात जातो, आपल्या दाव्यात तथ्य आहे एवढे प्रथमदर्शनी दाखवतो, आणि न्यायालय जहाज जागच्या जागी थांबवते. मालकाने दाव्याला पुरेल इतकी बँकेची हमी किंवा रोख तारण भरले की जहाज मोकळे. वाद पुढे चालू राहतो. पण जो जिंकेल त्याला द्यायचे पैसे आधीच बाजूला काढलेले असतात. तारण आलेच नाही, तर जहाज विकून पैसा न्यायालयात जमा होतो.

पूर्वी हे सारे १८४०, १८६१ आणि १८९० सालच्या इंग्रजांच्या कायद्यांवर चालत असे. आता २०१७ चा ॲडमिरल्टी कायदा आहे. तो १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला. रेडीच्या पाण्यातले जहाज धरायचे तर मुंबई हायकोर्टात जावे लागते.

रेडीहून किनाऱ्याने खाली गेले की गोव्याचे मुरगाव बंदर लागते. तिथली एक गाजलेली गोष्ट आहे. १९८४ च्या जानेवारीत 'एम. व्ही. एलिझाबेथ' नावाचे परदेशी जहाज मुरगावला उभे होते. मालक ग्रीसमध्ये व्यवसाय करणारी कंपनी. माल पाठवणारी हरवान इन्व्हेस्टमेंट अँड ट्रेडिंग ही गोव्यातली कंपनी. ८ फेब्रुवारी १९८४ रोजी जहाज निघून गेले, आणि जाताना माल चढवल्याच्या रीतसर पावत्या दिल्याच नाहीत. परदेशात माल उतरवून तो परस्पर तिथल्या माणसाच्या ताब्यात देऊन टाकला. हा कागद हातात असणे म्हणजे मालावर हक्क असणे. माल गेला, कागद नाही, पैसे अडकले!

पण समुद्रात फिरणारे जहाज कधीतरी बंदराला लागतेच. १३ एप्रिल १९८४ रोजी एलिझाबेथ विशाखापट्टणमला आले आणि आंध्र प्रदेश हायकोर्टाच्या हुकमाने तिथेच धरले गेले. मालकाने तक्रार नोंदवत का होईना, १४ लाख २५ हजार रुपयांची बँक हमी भरली, तेव्हा जहाज सुटले.

मग मालकाच्या वकिलांनी मुद्दा काढला. इंग्रजांचा १८६१ चा कायदा बघा, म्हणाले. त्यात बंदरात आणलेल्या मालाबद्दल जहाज धरण्याचा अधिकार आहे. बंदरातून बाहेर नेलेल्या मालाबद्दल नाही!

भावांनो, हे वाक्य पुन्हा वाचा. साहेबाचा माल इकडे येताना त्याला काही झाले तर जहाज धरायचे. आमचा माल इथून बाहेर गेला आणि बुडाला तर धरायला कायदा नाही! कच्चा माल पाठवणाऱ्याने फक्त पाठवत राहावे. त्याच्या पैशाची हमी घेण्याची गरज त्या कायद्याला वाटली नव्हती.

२६ फेब्रुवारी १९९२ रोजी सुप्रीम कोर्टाने हा मुद्दा फेटाळला. परकीय राजवटीच्या काळात गोठून बसलेल्या कायद्याच्या चौकटीत स्वतंत्र देशाची हायकोर्टे अडकून राहू शकत नाहीत, बाहेर जाणाऱ्या मालाच्या दाव्यातही जहाज धरण्याचा त्यांना अधिकार आहे, असा निर्वाळा दिला. नुसत्या अधिकाराच्या प्रश्नावर आठ वर्षे गेली. पण त्या आठ वर्षांत एक गोष्ट बदलली नव्हती. दाव्याची हमी सुरक्षित होती. उशिराच्या न्यायाने कंपनीला त्रास झाला, पण तिचे पैसे हवेत विरले नाहीत.

आणि आपल्याकडे?

आता बंदरातून आपल्या जिनिंगवर येऊ.

आमच्या भागातली गोष्ट आहे. गाव सांगत नाही, व्यापाऱ्याचेही नाव सांगत नाही. तुमच्यातल्या प्रत्येकाला आपापल्या भागातले एक नाव आठवेलच. कापूस घरात, भाव पडलेला. एक व्यापारी खेडा खरेदीला आला. म्हणाला, "कापूस आत्ता देऊन टाका, भाव चढला की त्या दिवशीच्या भावाने हिशेब करू. घरात ठेवून वजन कशाला घटवता?" पहिल्या वर्षी त्याने चोख पैसे दिले. दुसऱ्या वर्षी थोडे लांबवले, पण दिले. तिसऱ्या वर्षी निम्म्या गावाने कापूस त्याच्या ट्रकमध्ये भरला. हातात कच्च्या चिठ्ठ्या. काहींच्या चिठ्ठीवर नुसते वजन, ना भाव, ना सही.

तो व्यापारी एका रात्रीत गेला नाही, हे लक्षात घ्या. आधी जिनिंगमधल्या गाठी हलल्या. मग गाडी विकली. मग दुकानाची पाटी उतरली. गाव हे सगळे डोळ्यांनी बघत होते आणि एकमेकांना सांगत होते, "देईल हो, माणूस चांगला आहे." नंतर दोघे-तिघे कोर्टात गेले. तारखा पडत राहिल्या. शेवटी हुकूमनामा झाला, दरखास्त झाली, बेलिफ गेला. जिनिंग भाड्याची निघाली, घर बायकोच्या नावावर, बँकेचे खाते रिकामे. हुकूमनामा मात्र अगदी पक्का होता. त्याला फ्रेम करून भिंतीवर लावायची तेवढी बाकी राहिली.

बैल गेला नि झोपा केला, म्हणतात ते हेच. झोपा करायला कायदा होता, लाकूडही होते. पण बैल असेपर्यंत कोणी तिकडे फिरकले नाही.

झोपा करायचा कायदा

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८. तिचा आदेश ३८, नियम ५. वकील मंडळी 'ऑर्डर अडतीस, रूल पाच' म्हणतात. निकालापूर्वीची जप्ती ती हीच. जहाजाच्या अटकेची ही जमिनीवरची धाकटी बहीण समजा.

तिचे काम असे चालते. दावा दाखल झाल्यावर निकालाची वाट न बघता वादी अर्ज देतो. होऊ घातलेल्या हुकूमनाम्याची वसुली बुडवावी किंवा लांबवावी या हेतूने प्रतिवादी आपली मालमत्ता विकून टाकण्याच्या किंवा कोर्टाच्या हद्दीबाहेर हलवण्याच्या बेतात आहे, हे शपथपत्राने आणि पुराव्याने दाखवावे लागते. कोर्टाची खात्री पटली तर ते प्रतिवादीला सांगते: ठरलेल्या मुदतीत तारण दे, नाहीतर का देऊ नये याचे कारण हजर होऊन सांग. तोवर मालमत्ता सशर्त जप्त करून ठेवता येते. तारण दिले की जप्ती उठते. दावा फेटाळला गेला तरी उठते. आणि दावा मंजूर झाला तर तीच मालमत्ता पुन्हा नव्याने जप्त करावी लागत नाही.

पण दार अरुंद आहे आणि ते अरुंदच असावे. २००७ मध्ये रमण टेक विरुद्ध सोळंकी ट्रेडर्स या खटल्यात सुप्रीम कोर्टाने बजावले आहे की हा अधिकार कठोर आहे, तो सरसकट वापरायचा नाही. बिनतारणी उधारी फुकटात तारणी करून घेण्यासाठी तर नाहीच. "मला भीती वाटते" एवढ्याने भागत नाही. गाठी कुठे हलल्या, मशिनरीचा सौदा कोणाशी चालला आहे, कोणती मालमत्ता धरायची, तिची किंमत अंदाजे किती, हे सांगावे लागते. आणि अपुऱ्या कारणाने जप्ती आणली असे ठरले तर कलम ९५ प्रमाणे वादीकडूनच पन्नास हजार रुपयांपर्यंत भरपाई घेता येते.

पळू शकतो कोण?

आता मुद्द्याचा प्रश्न. निकालाआधी कोणाची मालमत्ता अडवावी? उत्तर कायद्याच्याच पोटात आहे. जो निकाल लागेपर्यंत हाती राहणार नाही त्याची! जहाज धरतात, कारण ते नांगर उचलून जाऊ शकते. रोख पैसा, गाठी, सरकी, गाडी ही सारी जहाजेच आहेत. रात्रीतून नांगर उचलतात.

शेतकऱ्याजवळ काय असते? जमीन, विहीर, बांधावरचे लिंबाचे झाड, चार भिंतींचे घर. यातले काय पळून जाणार? शेतकरी सातबाऱ्याला बांधलेला असतो. त्याचा पत्ता बापजाद्यांपासून एकच आहे.

असे असूनही जप्तीचा बडगा आजवर कोणावर पडत आला? जो पळू शकत नाही त्याच्यावर.

इतिहास बघा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या पेढ्यांवर चालून गेले आणि तो वणवा पुणे-नगर भागात पसरला. त्यांना हवी होती खते, रोखे, हुकूमनामे. कारण कोर्टाचा हुकूमनामा म्हणजे जमिनीवर, बैलावर, भांड्याकुंड्यांवर येणारी जप्ती हे त्यांनी भोगले होते. दंगलीनंतर सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले, आणि खास गहाण दिलेली नसेल तर त्याची जमीन हुकूमनाम्यात जप्त करायलाही बंदी आली.

सावकार गेला, पण जप्तीची दिशा बदलली नाही. १९७१ चा कापूस कायदा आला, एकाधिकार खरेदी सुरू झाली, आणि स्वतःच्या रानातला कापूस चार पैसे जास्त मिळतात म्हणून राज्याच्या हद्दीपलीकडे नेणे हा गुन्हा ठरला. गाड्या अडल्या, कापूस जप्त झाला. कोणाचे पैसे बुडवले म्हणून नाही, स्वतःचा माल स्वतः विकायला निघाला म्हणून!

आणि १०१ ची कारवाई तर घराघरात माहीत आहे. १९६० च्या सहकार कायद्यात पतसंस्था किंवा सोसायटीला कर्जवसुलीसाठी साक्षीपुराव्याचा लांबलचक दावा लढावा लागत नाही. निबंधकाकडून कलम १०१ चा वसुली दाखला मिळतो आणि वसुली अधिकारी दारात येतो. त्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करायचा तर येणे रकमेच्या निम्मे पैसे आधी भरा. निवाड्यापूर्वीच्या सशर्त जप्तीची सोयही त्या कायद्याच्या कलम ९५ मध्ये आहे.

हिशेब असा झाला. शेतकऱ्याने देणे असेल तर सरळ दाखला. शेतकऱ्याचे येणे असेल तर दावा, तारखा, हुकूमनामा, दरखास्त आणि शेवटी रिकामे गोडाऊन. जो पळत नाही त्याच्यासाठी घोडा, आणि जो पळतो त्याच्यासाठी बैलगाडी!

घाबरू नका, माहीत करून घ्या

वकिलाची एक नोटीस आली की आपल्याकडे घरात चूल पेटत नाही. "उभे पीक उचलून नेतील" असा दम दिला जातो. म्हणून काही गोष्टी गाठीला बांधा.

पहिली गोष्ट. त्याच आदेश ३८ मध्ये नियम १२ आहे. शेतकऱ्याच्या ताब्यातल्या शेतमालाची निकालापूर्वी जप्ती मागता येत नाही आणि दिवाणी कोर्टाला ती करताही येत नाही. तुमच्या घरातला कापूस, खळ्यावरची ज्वारी या जप्तीच्या बाहेर आहे. मात्र हे संरक्षण शेतकऱ्याच्या ताब्यातल्या मालाला आहे. तोच कापूस व्यापाऱ्याच्या गोडाऊनमध्ये जाऊन पडला की तो व्यापाऱ्याचा माल, आणि त्यावर जप्ती मागता येते.

दुसरी गोष्ट. निकाल विरुद्ध गेला तरी संहितेच्या कलम ६० प्रमाणे शेतकऱ्याची शेतीची अवजारे, पोट भरण्यापुरती लागणारी जनावरे आणि बियाणे, तसेच तो राहतो ते घर, यांना दिवाणी हुकूमनाम्याच्या जप्तीतून सूट आहे. किती जनावरे आणि किती बियाणे हे कोर्ट ठरवते. जे तुम्ही स्वतः सही करून गहाण दिले आहे त्याची गोष्ट वेगळी. म्हणून सही करण्याआधी वाचा, वाचून घ्या.

तिसरी गोष्ट. बँकांना कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीवरच्या तारणाला लागू नाही, असे त्याच्या कलम ३१ मध्येच म्हटले आहे.

गाडी उलटी करण्याआधी

आता आपले येणे. वस्तुविक्रीचा १९३० चा कायदा सांगतो की पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला माल अडवून धरण्याचा हक्क आहे. पण कधीपर्यंत? माल त्याच्या ताब्यात असेपर्यंत. एकदा तुम्ही जिनिंगच्या अंगणात गाडी उलटी केली आणि खरेदीदाराने माल ताब्यात घेतला की तो हक्क संपला. त्यानंतर तुम्ही मालाचे धनी नाही, नुसते एक येणेकरी. बँक, भाडे, वीजबिल, बाकीचे देणेकरी यांच्या रांगेत शेवटी उभे.

म्हणून गाडी उलटी करण्याआधीच शहाणपण दाखवायचे.

काटापट्टीवर वजन, भाव, तारीख, खरेदीदाराचे पूर्ण नाव आणि सही घ्या. मुरगावच्या कंपनीचाही सगळा वाद कागद न मिळण्यावरूनच उभा राहिला होता. तिथे मोठमोठे वकील होते म्हणून निभावले, आपले निभावणार नाही.

उधारीत द्यायचाच असेल तर चेक घ्या. चेक वटला नाही तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्या. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार करा. २०१८ च्या दुरुस्तीने इथेही निकालाआधीची एक सोय झाली आहे. खटला चालू असतानाच चेकच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा हुकूम न्यायालय करू शकते. तो करायचाच असे बंधन मात्र न्यायालयावर नाही.

पैसे थकले तर "माणूस चांगला आहे" म्हणत वर्षे काढू नका. विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो. एकाच व्यापाऱ्याने गावातल्या अनेकांचे बुडवले असतील तर एकत्र वकिलाकडे जा. गाठी हलताना दिसल्या तर ट्रकचा नंबर, तारीख, फोटो ठेवा. आदेश ३८ च्या अर्जाला हाच पुरावा लागतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे सर्व महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले गरीब यांना मोफत वकील मिळतो. मायबहिणींनो, सातबाऱ्यावर आणि काटापट्टीवर तुमचे नाव असेल तर हा हक्क थेट तुमचा आहे.

मागायचे काय?

कोणी म्हणेल, सगळ्या व्यापाऱ्यांना परवान्याच्या खुंट्याला बांधा, खेडा खरेदी बंद करा. मला हे मान्य नाही. दारात येऊन माल घेणारा आणखी एक खरेदीदार मिळणे ही शेतकऱ्याच्या फायद्याची गोष्ट आहे. एकच सरकारी खरेदीदार असला की काय होते हे आपण एकाधिकारात बघितले. बाजार खुला हवाच. पण दिलेला शब्द पाळला जाणे, आणि न पाळणाऱ्याला तो वेळेत पाळायला लावणे, ही खुल्या बाजाराची पहिली अट आहे. ती नसेल तर तो बाजार राहत नाही, ती लूट होते.

तेव्हा मागणी साधी आहे. समुद्रावर जो न्याय आहे तो शिवारात आणा.

जहाजावरच्या खलाशाचा पगार थकला तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे त्याचा बोजा थेट जहाजावर चढतो. जहाजावरच्या अशा बोज्यांच्या यादीत खलाशाच्या पगाराचा नंबर पहिला आहे. जहाज दुसऱ्याला विकले तरी बोजा जहाजाबरोबर जातो. ज्याच्या घामावर जहाज चालते त्याचे पैसे आधी, हे समुद्राच्या कायद्याला कळते. मग ज्याच्या घामातून गाठ बनते त्याचे पैसे न दिलेल्या कापसावर, त्याच्या रुईवर, सरकीवर आणि ती विकून आलेल्या पैशावर आधी शेतकऱ्याचा बोजा का नको?

उसाला असे काही आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज, आणि थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल करता येते. ती वसुली करून घ्यायलाही ऊसवाल्यांना आंदोलने करावी लागतात, हे खरे. पण त्यांच्या हातात निदान कायद्याचे कलम आहे. कापूस, ज्वारी, तुरीवाल्याच्या हातात कच्ची चिठ्ठी.

दुसरी मागणी अशी. शेतमालाच्या थकलेल्या पैशाचा दावा आणि सोबत सही-शिक्क्याची काटापट्टी असेल, तर 'तारण भर किंवा कारण सांग' हा हुकूम कोर्टाने ठरलेल्या थोड्या दिवसांत द्यावा. व्यापाऱ्याने तारण भरावे आणि खुशाल धंदा करावा. त्याची बाजू खरी असेल तर तारण परत मिळेल. जहाजाच्या मालकालाही याहून जास्त काही सोसावे लागत नाही.

आणि तिसरी मागणी आपण आपल्यालाही लावून घेऊ. शेतकऱ्याने खोटा दावा करून कोणाचा धंदा बंद पाडला तर त्याने भरपाई द्यावी. निकालाआधीची जप्ती ही दुधारी हत्यार आहे. १८७५ मध्ये त्याची धार आपल्या मानेवर होती. ती आज दुसऱ्याच्या मानेवर ठेवताना हात सैल सुटता कामा नये. पिकले नाही म्हणून जो देऊ शकत नाही तो, आणि विकून पैसे खिशात घातले तरी जो देत नाही तो, या दोघांत फरक करणारा कायदा आपल्याला हवा आहे.

या मेळाव्यातून गावी गेल्यावर एवढे करा. चावडीवर किंवा पारावर बसून प्रत्येकाने घरातल्या कच्च्या चिठ्ठ्या बाहेर काढा. कोणाकडे किती येणे आहे, कोणत्या तारखेचे आहे, सही आहे का, तीन वर्षे होत आली का, याची यादी करा. यादी झाली की त्या व्यापाऱ्याच्या अंगणात जाऊन बघा, गाठी अजून तिथेच आहेत का.

रेडीचे काका म्हणाले होते, मालकाला कोण शोधतो, जहाज धरायचे. पण जहाज धरायचे ते बंदरात आहे तोवर. नांगर उचलल्यावर किनाऱ्यावर उभे राहून कितीही हाका मारल्या तरी समुद्र काही परत आणून देत नाही.